जावयाचा डाव

सागर राखोंडे अकोल्यात एका कृषी केंद्रावर कामाला होता. गिऱ्हाइकानं कितीही आदळआपट केली, बोंडअळीचं सगळं खापर दुकानाच्या डोक्यावर फोडलं, तरी हा गडी काउंटरमागून म्हणायचा, "बसा काका, पानी प्या." तापलेला शेतकरी पाणी प्यायचा, बसायचा, आणि जाताना औषधाची आणखी एक बाटली घेऊन जायचा. असा थंड डोक्याचा माणूस अख्ख्या बाजारात नाही, असं त्याचे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत. मालकांनी त्याला सकाळी घरी पाहिलं नव्हतं, म्हणून बरं.

सकाळी दुकानाला जायच्या आधी सागर मोबाईलवर पोकर खेळायचा. पोकर म्हणजे आपल्या तीनपत्तीचा शिकलासवरलेला चुलतभाऊ समजा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच. ती टप्प्याटप्प्यानं उघडतात, आणि दर टप्प्याला प्रश्न एकच असतो: पैसे लावायचे, की पानं टाकून मोकळं व्हायचं. शहाणा खेळाडू बहुतेक वेळा पानं टाकतो. हे सागरला पहिल्या आठवड्यात कळलं आणि अंगी बाणवायला काही वर्षं लागली, कारण कळणं आणि बोट आवरणं या दोन गोष्टींमधे बरंच अंतर असतं. चांगली पानं येऊन हरला की त्याचं डोकं सरकायचं. मग तो मोबाईलला शिव्या द्यायचा, समोरच्या न दिसणाऱ्या माणसाच्या खानदानाचा उद्धार करायचा, आणि वाटेल त्या पानांवर पैसे लावत सुटायचा. एकदा तर त्यानं रागाच्या भरात मोबाईल ज्वारीच्या कोठीत कोंबला. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा उकरून काढला, ती गोष्ट वेगळी.

घर तसं सरळ माणसांचं. वडील गोवर्धन बार्शीटाकळीजवळ भाजीपाला पिकवत, आई माणिकबाई वांगी निवडून टोपल्या भरायची. किडकं वांगं दिसायला कितीही टपोरं असलं तरी ती ते बाजूला फेकायची, दुसऱ्यांदा त्याच्याकडे पाहायचीसुद्धा नाही. सागर लहानपणी ती टाकलेली वांगी हळूच परत टोपलीत ठेवायचा, कारण त्याला ती चांगली वाटायची. पोकरमधे त्याची नेमकी तीच खोड होती.

प्रणाली, त्याची बायको, अकोल्यातच एका लॅबमधे रक्त तपासायच्या कामाला होती. तिनं या खेळावरून कधी आकांडतांडव केलं नाही. घरखर्चातला एक रुपया तिकडे जायचा नाही, एवढी अट घातली आणि ती सागरनं पाळली. पण तिच्या मनात एक शंका होती, ती तिनं बोलून दाखवली.

"जुगार अन् हे, यात फरक काय आहे?"

"फरक डोक्यात असते," सागर म्हणाला. "जुगारी नशिबावर खेळते. मी अभ्यास करून खेळून राहिलो."

"जुगारीही असंच सांगते," प्रणाली म्हणाली. "मी रोज लोकायचे रिपोर्ट पायतो. माणूस म्हणते, मले काही झालं नाही, अन् रिपोर्ट दुसरंच सांगते. तुमचा रिपोर्ट कुठं आहे?"

हा प्रश्न सागरला फार लागला. पैशांपेक्षाही त्याला हे हवं होतं, की या एका बाईनं एकदा तरी म्हणावं, हो, तुम्ही जुगारी नाही. त्यासाठी तो एक खरा, शिस्तीचा, जिंकणारा खेळाडू व्हायला निघाला होता.

तो रिपोर्ट आपल्याला सासुरवाडीत मिळाला, असं त्याला पोळ्याला वाटलं.

प्रणालीचं माहेर अचलपूरजवळच्या एका गावात. सासरे खुशालराव यांची संत्र्याची बाग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्या घरात मटण शिजायचं आणि बागेतल्या टिनाच्या शेडमधे सतरंजी टाकून तीनपत्तीचा डाव बसायचा. वर्षभर पत्त्याला हात न लावणारी माणसंही त्या दिवशी बसत. लग्नानंतर पहिली दोन वर्षं सागर पोळ्याला जाऊ शकला नव्हता. तिसऱ्या वर्षी गेला, आणि खुशालरावांनी त्याला हाताला धरून लोडाशी बसवलं.

"बसा जवाईबुवा. तुमी शहरातले खेळाडू, आमाले शिकवा काही."

डावात खुशालराव, त्यांचे थोरले भाऊ पुंजाजी, प्रणालीचा भाऊ रोहित आणि शेजारचे दोघे-तिघे होते. सागरनं सुरुवातीला जपून खेळून पाहिलं, मग थोडी हूल दिली. हातात काही नसताना जोरात पैसे लावले. सगळे एकामागून एक पानं टाकून उठले. त्यानं पुन्हा हूल दिली, पुन्हा सगळे उठले. पुंजाजी काका म्हणजे परतवाड्यापर्यंत नाव असलेला पत्तेबाज, पण सागरनं त्यांच्याकडे नुसतं रोखून पाहिलं की तेही मान हलवून पानं टाकत. "जवाई लय हुशार बाप्पा," असं म्हणत. संध्याकाळी आशाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जेवायला हाक मारली तेव्हा सागरपुढे नोटांचा ढीग होता.

अकोल्याला परतताना एसटीत प्रणालीला झोप लागली, पण सागर टक्क जागा होता. आपल्याला माणसं वाचता येतात, हे त्याला आता पक्कं कळलं होतं. इतके दिवस आपण भित्र्यासारखे लहान टेबलांवर चिल्लर खेळत बसलो, याची त्याला लाजच वाटली. त्या आठवड्यात त्यानं ॲपवर साठवलेलं सगळं भांडवल उचललं आणि तिथल्याच मोठ्या रकमेच्या टेबलावर जाऊन बसला. तिथे त्यानं सासुरवाडीतलीच तऱ्हा सुरू केली. हातात काही नसताना जोरात पैसे लावले, आणि समोरचा उठायची वाट पाहत बसला. समोरचा उठला नाही. पुन्हा हूल दिली, तरी उठला नाही. चार सकाळींत सागरचं भांडवल साफ झालं, कारण त्या टेबलावर त्याचा एकही सासरा नव्हता.

हे मात्र त्याला नंतर कळलं. दिवाळीच्या आधी रोहित मोटारपंपाचा कुठलासा भाग घ्यायला अकोल्याला आला आणि दुपारी जेवायला थांबला. बोलता बोलता पोळ्याच्या डावाचा विषय निघाला. सागर जरा छाती काढून म्हणाला, "पुंजाजी काका मले घाबरते, पायलं ना तू?"

रोहितनं हातातला घास खाली ठेवला. "भाऊजी, तुमी खरंच तसं समजले का?"

"म्हंजे?"

"जावयाले हरवून घरी पाठवत नाही आमच्याकडे. मान राखा लागते. म्या जिंकलेला डाव सोडला तुमच्यासाठी, तीन छक्क्या टाकल्या. तीन. अन् तुमच्याजवळ काय होतं, तं नव्वी, पंजी, दुर्री. पानं गोळा करताना म्या पायले."

सागरनं प्रणालीकडे पाहिलं. प्रणाली वरणात काहीतरी शोधत होती.

"तुले मालूम होतं?"

"लहानपनापासून," ती म्हणाली. "मोठ्या आत्याचे मिस्टर तं दरसाल जिंकत. एका वर्षी अंगठी केली त्यायनं. अजूनही दाखवत फिरते, का अचलपूरले कमावली म्हनून."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी इतके खुश होते," प्रणाली म्हणाली. "बसमधी तुमचं तोंड पायलं अन् माह्याच्यानं सांगनं झालं नाही."

रोहित गेल्यावर सागरनं तिला मोठ्या टेबलाचं सगळं सांगून टाकलं. लपवावं असं आता काही उरलं नव्हतं. ती रागावेल, अबोला धरेल, अशी त्याची तयारी होती. प्रणालीनं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "तिथले लोक उठले काहून नाही मंग?" आणि प्रश्न तोंडातून निघता निघता तिलाच उत्तर सुचलं, आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सागरला ते रागावण्यापेक्षा जास्त झोंबलं. पण थोड्या वेळानं त्यालाही हसू आलं, आणि दोघं बराच वेळ काही कारण नसल्यासारखी हसत राहिली.

त्यानंतरचं वर्ष हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणं वर्ष म्हणायला हवं. भिसीत जिंकलेले थोडे पैसे प्रणालीनं आपणहून दिले आणि तो सगळ्यात खालच्या टेबलावर पुन्हा पहिलीत बसला. सकाळीच खेळायचं हे कायम ठेवलं, कारण सकाळच्या टेबलांवर रात्रभर हरून जागलेले लोक बसलेले असत. गेलेलं भरून काढायच्या नादात त्यांना उठवत नसे. अशा माणसांसमोर फार हुशारी लागत नाही, झोप झालेली असली की पुरते. प्रणाली लॅबला जायच्या आधी चहाचा कप घेऊन त्याच्या बाजूला बसू लागली. पहिल्यांदा नुसती बघायची, मग प्रश्न विचारायला लागली.

"हे काहून टाकलं? राजा होता ना हातात."

"राजा आहे, पन सोबती भिकार आहे."

"अन् हा कोन पैसे लावून राहिला?"

"हा अर्ध्या घंट्यानंतर पयल्यांदा बोलला. याच्याजवळ माल आहे. आपन घरी जाऊ."

हरला आणि डोकं सरकलं, की उठायचं आणि मेथी निवडायची, हा नियमही त्याच वर्षातला. बार्शीटाकळीहून माणिकबाई दर आठवड्याला भाजी पाठवायची, त्यामुळे माल कमी पडत नव्हता. मेथीची एक जुडी निवडेस्तोवर राग ओसरायचा. फार वाईट सकाळ असली तर पालकही निवडून व्हायचा. शेजारणींना वाटायचं, प्रणालीनं नवऱ्याला काय वळण लावलंय. पैसे हळूहळू जमत गेले. फार नव्हते, त्यावर कोणी नोकरी सोडली नसती. पण महिन्यामागून महिना आकडा वर सरकत होता, आणि सागरला आतून शांत वाटू लागलं होतं. कृषी केंद्रावरचा आणि घरातला सागर आता एकच माणूस झाला होता.

तरी रिपोर्ट अजून आला नव्हता. प्रणाली म्हणायची, "पाहू. वर्ष तं होऊ द्या."

वर्ष भरत आलं आणि पोळ्याच्या तोंडावर सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ॲप उघडलं तर पत्त्यांच्या जागी एक निवेदन आणि आपले पैसे काढून घ्या अशी सूचना. सागरनं पैसे काढून घेतले. सुरू केलं होतं त्यापेक्षा बरेच जास्त होते. पण त्याचं तोंड उतरलं. पोरानं वर्षभर घासून अभ्यास करावा आणि बोर्डानं परीक्षाच रद्द करावी, तसं त्याला झालं. दोन दिवस तो सकाळी मोबाईल हातात घेऊन नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं विनाकारण गवाराच्या शेंगा निवडल्या.

"चला," प्रणाली म्हणाली. "पोळ्याले जाऊ."

करीच्या दिवशी शेडमधे सतरंजी पडली. सागर लोडाशी बसायच्या आधीच म्हणाला, "बाबा, एक सांगतो. आज मले जावई म्हनून खेळवू नका."

खुशालरावांना हे काही रुचलं नाही. "जवाई नाही तं कोन आहा तुमी?"

"जसे पानं येतीन, तसं खेळा. एवढंच."

"बरं बरं," खुशालराव म्हणाले आणि भावाकडे पाहून डोळा मिचकावला. डाव सुरू झाला, सागरनं पानं न बघताच पैसे लावले, आणि सगळेच्या सगळे पानं टाकून उठले. जुनी खोड ती, एका विनंतीनं थोडीच जाणार.

सागरनं पैसे ओढून घेतले. मग जिंकलेला माणूस सहसा करत नाही ते त्यानं केलं. आपली तिन्ही पानं सतरंजीवर उलटी केली. चौवी, सत्ती, दुर्री. "काकाजी, एवढ्याले घाबरले तुमी?" त्यानं अगदी नम्रपणे विचारलं. पुंजाजी काका खाकरले. पुढच्या डावातही तेच झालं. अठ्ठी, पंजी, तिर्री. शेजारचा एक जण फसकन हसला. तिसऱ्यांदा सागरनं पानं उलटी केली तेव्हा त्यात गुलामसुद्धा नव्हता, आणि पुंजाजी काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आयुष्यभराचं नाव असं उघड्यावर मातीत जाताना पाहणं त्यांना सोसवेना.

"खुशाल, हा पोट्टा इज्जत घेऊन राहिला आपली," ते म्हणाले. "मानपान गेला खड्ड्यात. खरे पत्ते खेळा आता."

आणि मग जो डाव झाला, तसा त्या शेडमधे कोणत्याही जावयानं पाहिला नव्हता. पुंजाजी काकांनी पहिल्याच फेरीत सागरला असं झोपवलं, की काकांचं एवढं नाव उगीच नव्हतं हे त्याला कळलं. रोहितनंही मागच्या तीन छक्क्यांची वसुली केली. सागर कधी हरला, कधी जिंकला, पण बहुतेक वेळा पानं टाकत राहिला. पत्ते खरेच होते, पैसे खरेच जात होते, आणि तो मनापासून सुखात होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा त्याच्या हातात किलवरचे तीन पत्ते आले. एक्का, राजा, सत्ती. एकाच रंगाची तीन पानं आणि वर एक्का, म्हणजे दिवसातला सगळ्यात चांगला हात. प्रणाली चहा घेऊन आली होती आणि त्याच्या मागे उभी होती, तिनंही पानं पाहिली. शेजारचे उठले, रोहित उठला, पुंजाजी काका उठले. राहिले खुशालराव. त्यांनी चाल वाढवली. सागरनं भरली. त्यांनी पुन्हा वाढवली.

सागर थांबला. दिवसभर खुशालराव पैसे टाकताना काही ना काही बोलत होते, संत्र्याचा भाव, व्यापाऱ्याची लबाडी, रस्सा तिखट झाला का. आता ते गप्प होते. समोर आलेल्या चहाकडेही त्यांनी पाहिलं नव्हतं. या माणसाला हूल देता येत नाही, हे सागरला ठाऊक होतं. बागेच्या सौद्यातसुद्धा त्यांचा चेहरा व्यापाऱ्याला आधीच सगळं सांगून टाकायचा, ही तक्रार आशाबाई नेहमी करत.

"शो तं मागा भाऊजी," रोहित म्हणाला. "पैसे टाका, पानं पाहून घ्या. इतक्या दूर आले तं."

नुसतं पाहायला पैसे टाकावेत, असं सागरलाही फार वाटलं. त्याचा हात नोटेपर्यंत गेला. त्यानं एक्क्याकडे, राजाकडे एकदा पाहिलं. मग ती तिन्ही पानं पालथी ठेवली आणि म्हणाला, "माह्याकडून गेलं. घ्या बाबा."

मागे उभ्या असलेल्या प्रणालीनं श्वास सोडल्याचं त्याला ऐकू आलं. एका वर्षाच्या सकाळींनंतर तिला बरोबर कळत होतं, त्यानं काय खाली ठेवलं ते. तिनं कप त्याच्या हातात दिला आणि बापाच्या, काकाच्या, शेजाऱ्यांच्या देखत आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. असं तिनं माहेरी कधी केलं नव्हतं. हात तिथेच राहिला.

खुशालरावांनी आपली पानं कुणाला न दाखवता गड्डीत सारली. दोन्ही हातांनी पैसे ओढून घेतले, आणि ओढताना त्यांच्या तोंडावर असा निर्मळ आनंद पसरला, की त्यांचं वय कितीतरी उतरलं. जावयाचे पैसे घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि त्यांना ती भलतीच गोड लागली होती. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्यांनी आजवर सागरला कधी नावानं हाक मारली नव्हती. आता त्यांनी सगळी गड्डी गोळा करून त्याच्यापुढे सरकवली.

"सागर, पिस पत्ते," ते म्हणाले, रोहितला म्हणावं तसं, वर न पाहता.

सागरनं चहा बाजूला ठेवला आणि पत्ते उचलले. सासऱ्यांची ती तीन पानं याच गड्डीत होती, पण ती शोधावीत असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याचा खिसा बराच हलका झाला होता, आणि त्या घरात त्याला इतकं बरं यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.